रेडिओकाकांचा नावाडी

आमच्या नाटकमंडळीत त्यांना खऱ्या नावाने कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. ते रेडिओकाका. बटण फिरवलं की स्टेशन बदलावं तसे ते बोलता बोलता देश बदलायचे. आम्ही इंग्रजी नाटकं करायचो. मंडळी आमच्यासारखीच साधी, कुणी बँकेतला, कुणी दुकानातला, पण रंगमंचावर कुणाला ऑस्ट्रेलियन व्हावं लागे तर कुणाला अमेरिकन. त्या वेळी सगळे काकांकडे धाव घेत. मी प्रकाशयोजना सांभाळायचो, त्यामुळे अंधारात बसून त्यांच्या शिकवण्या फुकटात ऐकायला मिळायच्या.

"आवाज गळ्यात नसतो, जबड्यात असतो," ते नव्या नटांना सांगत. "आधी जबडा कुठल्या देशाचा ते ठरव. ऑस्ट्रेलियन माणूस तोंड फार उघडत नाही, माश्या आत जातील म्हणून. अमेरिकन माणूस शब्द चावून चावून बोलतो. स्कॉटिश माणसाचा 'र' जिभेवर नाचतो, आणि तसा 'र' आपल्याकडे घरचाच आहे, त्यामुळे तिथे कंजूषपणा करू नकोस."

गंमत म्हणजे काकांनी परदेश कधी पाहिला नव्हता. सगळी कमाई कानांची. दिवसा ते एका स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करत. जाहिरातीत मेंढपाळ हवा असला, कारखान्याच्या माहितीपटाला परदेशी साहेबाचा आवाज हवा असला, की आतल्या काचेच्या खोलीत जाऊन तेच बोलायचे आणि बाहेर येऊन स्वतःचंच बोलणं स्वच्छ करायचे. स्वच्छ करणं म्हणजे मधला खोकला, खुर्चीची करकर, पान उलटल्याचा आवाज, जे जे नको ते कापून टाकणं. या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. एकदा प्रयोगानंतर एका खऱ्या ऑस्ट्रेलियन माणसाने त्यांना विचारलं होतं की तुम्ही आमच्याकडच्या कुठल्या गावचे. त्या एका प्रश्नावर काकांनी कित्येक वर्षं काढली. नवा माणूस मंडळीत आला की दोनतीन चहांच्या आत ती गोष्ट त्याच्या कानावर जाणारच.

काकू आमचे कपडे शिवायच्या. नाटकाचे कोट, झगे, टोप्या, सगळं त्यांच्या मशीनवरून यायचं. त्यांना इंग्रजी जेमतेम यायचं. खांदा, छाती, कंबर, बाही, एवढे शब्द आणि आकडे. "हे घरात पाच देशांचे लोक आणतात आणि चहा मात्र मला एकटीलाच करावा लागतो," असं त्या म्हणायच्या, आणि काका हसत हसत पुढच्या देशात जायचे.

त्यांना एकच मुलगी. आम्ही तिला ताई म्हणायचो. ती परिचारिका झाली आणि आयर्लंडला गेली. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषागृहात तिची नोकरी होती. लग्न केलं नव्हतं. काकांचं आणि तिचं भांडण नव्हतं, अबोला नव्हता. बोलण्यासारखं काही नव्हतं, एवढंच. ती लहान असताना काका दिवसा स्टुडिओत आणि संध्याकाळी तालमीला. घरी असले तरी ओठांत वाक्यं चाललेली. वडिलांना काही सांगायचं तर त्यांचं वाक्य संपेपर्यंत थांबायचं, हे ती चालायला लागली तेव्हाच शिकली असावी. दर रविवारी तिचा फोन यायचा. काका उचलायचे, "बरी आहेस ना? थंडी फार आहे का? थांब, आईला देतो," म्हणायचे आणि फोन काकूंच्या हातात द्यायचे. मग मायलेकींचं तासभर चालायचं.

आमच्या दिग्दर्शिकेने, म्हणजे बाईंनी, त्या वर्षी एका आयरिश नावाड्याचं नाटक घेतलं. तळ्यावर पूल झालाय, उद्यापासून होडी बंद, आणि म्हातारा नावाडी शेवटच्या दिवशी लोकांना या काठावरून त्या काठावर नेतोय. दुसरा अंक तर जवळजवळ त्याच्या एकट्याचा. भूमिका काकांचीच होती, त्यात वादच नव्हता. पण काका मागे सरले. बाकीचे देश खिशात होते, आयरिश बोलणं मात्र त्यांच्या कानाला कधी नीट सापडलं नव्हतं. करायला गेले की स्कॉटलंडच्या अंगाने जायचं, आणि ते त्यांचं त्यांनाच कळायचं. हुबेहूब जमणार नसेल तर उभाच राहणार नाही, म्हणाले.

तोडगा काकूंनी काढला. कोटाला अस्तर लावता लावता म्हणाल्या, "घरात आयरिश माणूस आहे की तुमच्या. पोरगी इतकी वर्षं तिथे राहतेय. तिला विचारा."

त्या रविवारी काकांनी फोन उचलला आणि दिलाच नाही. काकू हात पुसत येऊन उभ्या राहिल्या आणि उभ्याच राहिल्या.

ताईला आधी खरंच वाटेना. बाबांना आपल्याकडून काही हवंय, हेच तिला नवीन होतं. मग मात्र ती खुलली. तिने सांगितलं की तिथले लोक थ्री म्हणत नाहीत, ट्री म्हणतात, त्यामुळे पहिल्या महिन्यात तीन गोळ्या द्यायच्या की झाडाच्या, तेच तिला कळेना. फिल्मला ते फिलम म्हणतात, अगदी आपल्या कोपऱ्यावरच्या न्हाव्यासारखं. काका खदाखदा हसले. काकू सांगतात, बापलेक फोनवर असे हसलेले त्यांनी पहिल्यांदाच ऐकले. आणखी एक गोष्ट ताईने सांगितली. तिथल्या बायका, आणि पुष्कळ म्हातारी माणसंही, हो म्हणताना श्वास आत ओढतात. दचकल्यासारखा. पहिल्या आठवड्यात एका आजीबाईंनी असा हो म्हटला आणि ताई ऑक्सिजन आणायला धावली होती.

मग हा नेमच झाला. रविवार पुरेना म्हणून मधल्या वारीही फोन होऊ लागले. नावाड्याची सगळी वाक्यं काकांनी तिला पाठवली, ती तिने तिथल्या म्हाताऱ्यांना ऐकवून त्यांच्याकडून घोटवून घेतली आणि मग फोनवर एकेक करून बोलून दाखवली. काकांनी ते सगळं मुद्रित केलं. स्टुडिओतली कामं आटोपली की ते कानांवर हेडफोन चढवून बसायचे. मुलीचा आवाज ऐकत ऐकत तोंडातल्या तोंडात बोलायचे. तालमीला यायचे ते उजळलेल्या चेहऱ्याने. "पोरीचा कान माझ्यावर गेलाय," असं त्यांचं आम्हा प्रत्येकाला सांगून झालं होतं.

ऐकता ऐकता त्यांना आणखी काही सापडलं. ताईचं वाक्य मध्येच तुटायचं. शब्द अर्धा असतानाच ती श्वास घ्यायची आणि उरलेलं वाक्य घाईने संपवायची. कधी वाक्याच्या शेवटी आवाजच विरायचा. काका हरखले. बाईंना म्हणाले, समुद्राच्या वाऱ्यात आयुष्य काढलेली माणसं, वारा तोंडात शिरतो म्हणून असं तुकड्यातुकड्यांनी बोलत असणार; हे पुस्तकात कुठे मिळायचं नाही. त्यांनी तो श्वास तसाच्या तसा उचलला. पहिल्यांदा तालमीत त्यांनी तो लावला तेव्हा आमच्या अंगावर काटा आला. नाटकातला म्हातारा एकदम खरा झाला.

काकूंना मात्र लेकीचा तो आवाज वेगळा लागला. "दमल्यासारखी बोलते हो ती," त्या म्हणाल्या.

"अगं, तिकडची पद्धतच आहे ती," काका म्हणाले.

काकूंनी लेकीलाही विचारून पाहिलं. ती म्हणाली, सामान घेऊन जिना चढलेय आत्ताच. पुढच्या वेळी म्हणाली, सर्दी झालीय. काकूंनी गरम पाण्याची वाफ घे म्हणून सांगितलं. परिचारिकेला आई आणखी काय सांगणार.

नाटक गाजलं. वर्तमानपत्रात काकांच्या बोलण्यावर वेगळा परिच्छेद आला. प्रयोग वाढले. एका रविवारी दुपारच्या प्रयोगाला एक आयरिश बाई आल्या होत्या, वयाने साठीच्या पुढच्या, मुलाकडे राहायला आलेल्या. प्रयोग संपल्यावर त्या मागे रंगपटात आल्या. मी दिव्यांच्या वायरी गुंडाळत तिथेच होतो. काका तोंडावरचा रंग पुसत होते. त्या बाईंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि सांगितलं की मी डोळे मिटले आणि घरी पोहोचले. पश्चिमेकडचं बोलणं असं बाहेरच्या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. काका लाजून पाणी पाणी झाले. मग त्या आयरिश बाईंनी विचारलं की नाटकातला नावाडी आजारी आहे का.

काका म्हणाले, नाही. म्हातारा आहे, पण ठणठणीत आहे.

"मग तो श्वास?"

काकांनी मोठ्या हौसेने समजावलं. तुमचीच तर लकब ती, श्वास आत ओढत बोलण्याची.

त्या बाईंनी मान हलवली. "हो म्हणताना आम्ही ओढतो," त्या म्हणाल्या. "फक्त हो म्हणताना. शब्दाच्या मध्ये नाही. शब्दाच्या मध्ये माझा नवरा ओढायचा. दगडाच्या खाणीत होता तो. छातीत धूळ बसली होती. शेवटच्या वर्षात तो असाच बोलायचा, अगदी असाच." आणि थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुम्ही हे कुणाचं ऐकून शिकलात?"

हातातला रंगाचा बोळा काकांनी आरशापुढे ठेवला. आयरिश बाई गेल्या तरी ते तसेच बसले होते. मग अर्धा रंग तोंडावर तसाच ठेवून ते मागच्या दाराने गल्लीत गेले आणि त्यांनी ताईला फोन लावला. तिकडेही दिवसच होता. पुढचं मला काकांनीच नंतर सांगितलं, तेही एकदाच.

"कुठे आहेस?" त्यांनी विचारलं.

"घरीच. पडलेय जरा. कसा झाला प्रयोग?"

"तुला दम लागतो?"

मग ती हो म्हणाली. तो हो तिने आपल्यासारखाच म्हटला, साधा.

फुप्फुसं हळूहळू कडक होत जाण्याचा आजार होता. नाटकाची वाक्यं सुरू झाली त्याच्या थोडं आधीच तिला कळलं होतं. औषधाने वेग कमी होतो, आजार थांबत नाही. नोकरी तिने केव्हाच सोडली होती. म्हणजे ज्या म्हाताऱ्यांकडून तिने नावाड्याची वाक्यं घोटवून घेतली, त्यांच्याकडे ती त्या कामासाठी मुद्दाम, काठीच्या आधाराने जात होती.

"मला का नाही सांगितलंस?" काका म्हणाले. "रोज बोलत होतो आपण."

"म्हणूनच नाही सांगितलं," ती म्हणाली. "पहिल्यांदाच तुम्ही माझ्याशी एवढं बोलत होतात, बाबा. आजाराचं काढलं असतं तर तुम्ही फोन आईकडे दिला असता."

काकांनी ते वाक्य मला सांगितलं तेव्हा ते रडले नाहीत. त्यांनी फक्त मला विचारलं, दिला असता का रे मी?

त्या दिवसानंतर त्यांनी नावाडी केला नाही. व्हिसाचे कागद यायला वेळ लागला. तोवर काका रोज फोन करत, आणि आता त्यांना काय बोलावं ते पुन्हा सुचेनासं झालं होतं. तरी ते फोन हातातून सोडत नसत. काकू शेजारी बसत आणि दोघांच्या मध्ये फोन ठेवून तिघं बोलत, किंवा नुसती असत. कागद आले आणि दोघं गेले, तेव्हा ताई रुग्णालयात होती.

तिथे काकांच्या आजूबाजूला सगळेच नावाड्यासारखे बोलत होते. डॉक्टर, परिचारिका, फरशी पुसणारा, चहाची गाडी ढकलणारी बाई. काकूंना एक अक्षर कळत नव्हतं आणि काकांना अक्षर न् अक्षर कळत होतं. पण त्यांच्या तोंडून मात्र तसा एक शब्द निघेना. या माणसांसमोर त्यांचंच बोलणं काढायचं म्हणजे त्यांना वेडावल्यासारखं वाटत होतं. ते आपल्या साध्या, घरच्या इंग्रजीत बोलायचे, आणि ते समजायला तिथल्या परिचारिकांना जड जायचं. पुन्हा सांगा, असं त्या अदबीने म्हणत. काका पुन्हा सांगत. माझी मुलगी आहे ती. तिला रात्री झोप लागली का.

ताईच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. ती आता मराठीतच बोलायची, परिचारिकांशीसुद्धा कधी कधी चुकून. आईकडून वेणी घालून घ्यायची. एका दुपारी काकू खाली काही आणायला गेल्या असताना ती काकांना म्हणाली, "मी नाटक कुठे पाहिलं? म्हणून दाखवा ना."

काका नको म्हणाले. तिने हट्ट धरला. लहानपणी तिने कधी हट्ट धरल्याचं त्यांना आठवत नव्हतं. शेवटी ते खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसले आणि हळू आवाजात त्यांनी दुसऱ्या अंकातला नावाडी सुरू केला. सगळं बरोबर होतं, ट्रीपासून फिलमपर्यंत. फक्त श्वास त्यांनी वगळला. वाक्यं सरळ, सपाट, एका दमात म्हणत गेले.

ताई डोळे मिटून ऐकत होती. मध्येच तिने हात वर केला.

"तिथे मी श्वास घेतला होता," ती म्हणाली आणि हसली. हसण्याचा तिला खोकला आला. काकांनी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि खोकला थांबेपर्यंत ते तिला धरून बसले. मग तिने पुढचं म्हणायला सांगितलं आणि त्यांनी म्हटलं, तिच्या मनासारखं, शेवटपर्यंत.

ती गेली ती काकूंच्या कुशीत, सकाळी. काका खिडकीचा पडदा सरकवायला उठले होते, तेवढ्यात.

दोघं परत आले तेव्हा आम्ही सगळे विमानतळावर गेलो होतो. काकूंनी प्रत्येकाची विचारपूस केली. काका सामानाकडे बघत उभे होते. पुढे काही महिन्यांनी बाईंनी अडखळत विचारलं, नाटक पुन्हा लावावं का. काका म्हणाले, लावा, दुसऱ्याला द्या, मी शिकवतो. आणि त्यांनी खरंच शिकवलं, बँकेतल्या आमच्या मित्राला, मन लावून, नेहमीच्या विनोदांसकट. श्वास मात्र शिकवला नाही. त्या मित्राने आपण होऊन विचारलं की तुम्ही मध्ये तो दम घ्यायचात तो कसा, तर म्हणाले, ती माझी चूक होती. वर्तमानपत्रात आलं की या वेळचा नावाडी तितकासा खरा वाटला नाही.

एकदा संध्याकाळी मी काकूंकडे कोट परत करायला गेलो होतो. काकू मशीनवर होत्या. त्यांनी सहज विचारावं तसं काकांना विचारलं, "तिचं ते बोलणं आहे ना तुमच्याकडे? मला ऐकायचंय."

काकांचा चेहरा उतरला. "त्यात काही नाही गं," ते म्हणाले.

"काही नाही कसं? महिने महिने बोलत होतात."

मग काकांनी सांगितलं. फोन झाला की ते त्याच दिवशी मुद्रण घेऊन बसायचे आणि स्वच्छ करायचे. वाक्यांच्या मधलं सगळं त्यांनी कापून टाकलं होतं. बाबा जेवलात का, आई काय करतेय, आज इथे ऊन पडलंय, तिचं हसणं, खोकणं, सगळं. नाटकाचं तेवढं ठेवलं होतं. कामाची सवय. कापलेलं कुठेच उरलं नव्हतं.

मशीनचं चाक काकूंनी हाताने एकदा पुढे, एकदा मागे फिरवलं. मला वाटलं आता बांध फुटणार. मी उठायला लागलो, तर त्यांनी बस म्हणून खूण केली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "जे आहे ते लावा."

काकांनी लावलं. ताईचा आवाज खोलीत आला. परका, वळणं घेणारा, नावाड्याची वाक्यं बोलणारा. काकू मान पुढे करून ऐकत होत्या. ओळखीचं काही सापडतंय का, ते शोधत असाव्यात.

"काय म्हणतेय ती?" त्यांनी विचारलं.

काकांनी थांबवलं, तेवढंच पुन्हा लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. इतक्या वेळा ऐकलेलं ते वाक्य सांगायला त्यांना वेळ लागला.

"म्हणतेय, पायरी ओली आहे, जपून या."

"आणि आता?"

"म्हणतेय, पिशव्या मध्ये ठेवा, एका बाजूला नको. होडी कलते."

"आणि हे?"

"सगळे बसले का, विचारतेय."

काकूंनी मान हलवली आणि खुर्ची काकांच्या जवळ ओढली. "लावा पुढचं," त्या म्हणाल्या.